पुण्याचे दादा

लोहा तालुक्यात गावागणिक एक तरी पुण्याचे दादा असतात. मोठ्या गावाला दोन. फ्लॅट वाकडला, चौथ्या मजल्यावर. गाडीच्या मागच्या काचेवर मात्र ‘शेतकरीपुत्र’. शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स धरून ते शनिवारी सकाळी लोह्याला उतरतात आणि फाट्यापासूनच त्यांना मातीचा वास यायला लागतो. गावातल्यांना शेणाचा येतो.

वडील गेले की या दादांना खरा बहर येतो. वाटणी ते मोठ्या मनाने करतात. रस्त्याकडचं रान दादांना, बोअरचं पाणी दोघांत, पडका वाडा धाकट्याला, कारण तो त्यात राहतोच. आई धाकट्याकडे, त्यावर चर्चाही झाली नाही. राहता राहिला गोठ्यातला लाल्या.

लाल्या लालकंधारी. ज्या कंधारवरून या जातीला नाव पडलं त्यातूनच आमचा लोहा तालुका फुटून निघालेला, त्यामुळे या बैलाचा अभिमान आमच्याकडे सातबाऱ्यासारखा वारसाने चढतो. जोडीतला दुसरा केव्हाच गेला. वडिलांनी, म्हणजे बापूंनी, पुढे ट्रॅक्टर भाड्याने लावला आणि लाल्याला नुसताच सांभाळला. आता वय सतरा-अठरा, खांद्याला घट्टे, गुडघे धरलेले, दात झिजून गेलेले. अख्खी पेंढी चावत नाही. कुट्टी करून, भिजवून, वर सरकीची पेंड घालावी लागते. हे काम धाकट्याची बायको करते.

धाकट्याने एकदाच विचारलं, “दादा, लाल्याचं काय करायचं?” दादांनी तासाभरात ‘आपला लाल्या’ नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. त्यात पुण्यातले चुलतभाऊ आले, दोन मेहुणे आले, दुबईचा भाचा आला. कुट्टी करणारीला कुणी घेतलं नाही.

दादांची भूमिका स्वच्छ होती. “बापूंची शेवटची आठवण आहे. विकायचा नाही म्हणजे नाही.” वास्तविक, घेणार कोण? पूर्वी दाखला मिळाला की म्हातारा बैल कसायाकडे जायचा. १९७६च्या प्राणी संरक्षण कायद्यात बैलालाही आणायचं विधिमंडळाने १९९५ साली ठरवलं आणि राष्ट्रपतींची संमती आली २०१५ साली. एवढ्या काळात एखादा बैल जन्मून, जुळून, राबून, थकून गेला असता. तेव्हापासून म्हातारा बैल विकणं म्हणजे गिऱ्हाईक शोधत हिंडणं. धाकट्याला हे पक्कं ठाऊक, म्हणून त्याने विकायचं नावही काढलं नव्हतं. पण मांडलाच नाही अशा ठरावाला विरोध करण्यात दादांचा हात कुणी धरणार नाही.

मग गोशाळा निघाली. ३० सप्टेंबर २०२४ला सरकारने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर केलं आणि गोशाळेतल्या देशी गायीमागे दिवसाला ५० रुपये द्यायचं ठरवलं, ती बातमी दादांनी तीनदा टाकली. खाली धाकट्याने लिहिलं, “दादा, लाल्या गाय हाय का?” दादा दोन दिवस ग्रुपवर फिरकले नाहीत.

तिसऱ्या दिवशी ते लाकडी घाणा घेऊन आले. वाकडात घाण्याच्या तेलाची बाटली काय भावाने जाते त्याचा फोटो आला, बापूंचा चेहरा छापलेलं लेबल दुबईहून तयार होऊन आलं. लाल्याने फक्त गोल फिरायचं. तो तेव्हा उठून उभा राहायलाच दोन माणसांचा टेकू घेत होता.

वैरणीचं मात्र कुणी काढत नाही. शिवारभर सोयाबीन झालं, ज्वारी आटली, तशा दारापुढच्या कडब्याच्या गंजीही गेल्या; आता पेंढ्या विकत आणायच्या. एवढ्या अंगाच्या जनावराला दिवसाला सात-आठ किलो तरी कोरडी वैरण लागते, मग ते काम करो की नुसतं बसून राहो. धाकट्याने शेकडा पेंढ्यांचा भाव ग्रुपवर टाकून पाहिला. तिघांनी हात जोडले, भाच्याने रडका चेहरा पाठवला. दादांनी लिहिलं, “काय ते दिवस होते!”

पोळ्याला दादा चुकत नाहीत. खांदमळणीला हळद-तूप लावतानाचा व्हिडिओ होतो. ऑनलाइन मागवलेली झूल लाल्याला दोनदा गुंडाळावी लागते. दादा जवळ गेले की लाल्या शिंग उगारतो, त्याला दादा लाड म्हणतात. पुरणपोळी खाऊन रात्रीची ट्रॅव्हल्स. वहिनी वाकडलाच, कारण मुलांचे क्लास.

मार्गशीर्षात त्यांनी कळस केला. माळेगावची खंडोबाची यात्रा आमच्याच तालुक्यात. घोडे, गाढवं, उंट, बैल, सगळा बाजार तिथे भरतो. लाल्याला पशुप्रदर्शनात उतरवायचं दादांच्या मनाने घेतलं. टेम्पो केला, भाडं धाकट्याने दिलं. मैदानात एका दलालाने लाल्याचा ओठ उचलून पाहिला, एक शब्द बोलला नाही आणि रुमाल टाकून दादांचा हात हातात घेतला. रुमालाखाली बोटांनी भाव होतो हे दादा विसरले होते. त्यांनी हस्तांदोलन समजून हात जोरात हलवला. दलाल दचकला. “मालक, तुमी मागताव तरी किती? ह्याच्यात मी काय देनार? तुमीच मला कायतरी द्या.”

परतताना दादा गप्प होते. आता काहीतरी ठोस निघणार, असं धाकट्याला वाटलं. आणि निघालंच. पुढच्याच महिन्यात दादा गाडी घेऊन आले, मागच्या सीटवर बारा वर्षांचा लॅब्रॅडॉर. सासऱ्यांचा. सासरे वारले, मेहुणा अमेरिकेत, सोसायटीत तक्रारी. “तुमच्याकडे मोकळी हवा आहे,” दादा म्हणाले आणि जेवायलाही न थांबता गेले. रात्री ग्रुपवर सूचना आल्या. खाणं पाकिटातलंच, कोमट पाण्यात भिजवून, कारण त्यालाही दात नाहीत. बैलाशेजारी बांधू नये, तो घाबरतो.

त्या रात्री धाकट्याच्या बायकोने नवऱ्याचा फोन ओढून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा ग्रुपवर लिहिलं, “भावजी, पोळ्याला येताना कुत्र्यालाबी झूल आना. आन् पेंढ्या दोघांच्या अंदाजानं आना.”