नेटबँकिंगवाले गुरुजी

नेटबँकिंगवाले गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले आणि बँकेचे व्यवहार घरबसल्या करायचे मनावर घेतलेले गृहस्थ. वर्धा जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत ते आहेत. वर्ध्यात त्यांचे घर रामनगरात नाहीतर आर्वी नाक्याकडे; आर्वी, हिंगणघाट, पुलगावात बँकेपर्यंत पायी जाता येईल अशा बेताने बांधलेले. या वर्गातले सगळेच शाळेतले असतात असे नाही. जिनिंगमधले जुने हिशेबनीस, एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक आणि माजी तलाठी हेही त्यातच मोडतात. पण ज्याची हयात दुसऱ्याचे उत्तर तपासण्यात गेली त्याच्याच ठिकाणी हा स्वभाव पुरता फुलतो, म्हणून नमुना गुरुजींचा धरायचा.

गुरुजी आपण होऊन ऑनलाइन होत नाहीत. मुलगा पुण्याला किंवा त्याहून लांब असतो आणि दर रविवारी फोनवर विचारतो, ‘बाबा, एवढ्या उन्हात रांगेत काऊन उभे राहता?’ मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा प्रश्न रास्त आहे. गुरुजींचे उत्तरही रास्त असते: ऊन बाहेर आहे, बँकेत एसी आहे. एवढ्यावर हा विषय पुढल्या रविवारपर्यंत मिटतो. खरे कारण वेगळेच घडते. शेजारचे माजी तलाठी एके दिवशी ओट्यावर चहा पिता पिता मोबाइलवरून विजेचे बिल भरतात आणि कप खाली ठेवायच्या आत भरल्याचा मेसेज दाखवतात. तलाठ्याला जे जमते ते आपल्याला जमत नाही, ही गोष्ट गुरुजींना पेन्शनच्या उशिरापेक्षा जास्त लागते.

मुलगा इंग्लंडात असला तर प्रकरणाला एक फाटा फुटतो. तिथे बार्कलेज, नॅटवेस्ट, नेशनवाइड अशा बँकांनी ग्राहकांना खिशात मावेल एवढे कार्ड रीडर दिले. बार्कलेजने 2007 पासून. त्यात आपले कार्ड खुपसायचे, पिन दाबायचा, की कार्डावरच्या चिपच्या मदतीने पडद्यावर एक आठ आकडी संकेतांक येतो. तो संगणकात भरला की बँक दार उघडते. यंत्राला ना तार, ना इंटरनेट. कार्ड हातात आहे आणि पिन ठाऊक आहे, एवढेच ते सिद्ध करते. हे ऐकताक्षणी गुरुजींना पटते, कारण त्यात हाताला लागणारी वस्तू आहे. दुसऱ्या दिवशी ते शाखेत जाऊन कार्ड रीडर मागतात. तो इथे मिळत नसल्याचे, आणि त्याचे काम मोबाइलवर येणारा ओटीपी करत असल्याचे काउंटरवरून समजते. ऑनलाइन कार्डव्यवहाराला अशी दुसरी खूण लागेल, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2009 पासूनच ठरवून दिले आहे. आयसीआयसीआयसारख्या बँकेने तर कार्डाच्या पाठीवरच अक्षरे आणि आकडे यांचा तक्ता छापला. गुरुजी सगळे ऐकून घेतात आणि निष्कर्ष काढतात: म्हणजे यंत्र आपणच विकत आणायचे, आणि चार्जिंगही आपल्याच मीटरवर.

तयारीसाठी तीन वस्तू लागतात: पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर. पासबुकाच्या पहिल्या पानावर खाते क्रमांक, बँकेने ग्राहकाला दिलेला सीआयएफ क्रमांक आणि आयएफएससी असतो. या आयएफएससीवर गुरुजींचे विशेष प्रेम. अकरा जागा, पहिली चार अक्षरे बँकेची, पाचव्या जागी शून्य, पुढच्या सहा जागा शाखेच्या. एवढी शिस्त त्यांनी सातवीच्या वर्गातही पाहिलेली नसते. कार्ड मात्र दगा देते. नवे कार्ड एटीएममध्ये चालते, दुकानातल्या मशीनवर चालते, पण ऑनलाइन चालत नाही. 2020 च्या नियमाप्रमाणे ती सोय ग्राहकाने स्वतः सुरू करून घ्यायची असते. मोबाइल नंबरची गोष्ट त्याहून नाजूक. खाते उघडताना दिलेला नंबर थोरल्या मुलाच्या जुन्या सिमचा निघतो, आणि ते सिम कधीचेच बंद पडलेले असते. मग फॉर्म, आधारची झेरॉक्स, सही. सही पासबुकातल्या सहीशी जुळत नाही, कारण ती सही नोकरीतल्या गुरुजींची आणि ही पेन्शनमधल्या.

काउंटरवरचा तरुण बहुधा गुरुजींचाच विद्यार्थी असतो. शाळेत गणितात तो यथातथाच होता, हे दोघांनाही आठवत असते आणि दोघेही बोलत नाहीत. ‘गुरुजी, तुम्ही बसा न जी, मी करून देतो,’ असे तो म्हणतो. गुरुजींनी आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी मुलांना उभे केले तीच ही गोष्ट, दुसऱ्याकडून उत्तर लिहून घेणे. तेव्हा ते नकार देतात आणि नोंदणी घरीच करण्याचे जाहीर करतात.

घरची नोंदणी हा या व्यक्तिमत्त्वाचा सर्वांत समृद्ध भाग. मुहूर्त सकाळी अकराचा, स्नान आणि नाश्ता उरकून. बँक उघडल्याशिवाय बँकेची वेबसाइट चालू होत असेल यावर गुरुजींचा विश्वास नसतो. पैसे पाठवायची नेफ्ट ही सोय 16 डिसेंबर 2019 पासून चोवीस तास आणि सुट्टीच्या दिवशीही चालते, हे त्यांनी पेपरात वाचलेले असते. तरी साहेब खुर्चीवर नसताना पैसे हलवणे त्यांना प्रशस्त वाटत नाही. पडद्यावरचा कीबोर्ड दर वेळी अक्षरांच्या जागा बदलतो. ही चोराला चकवण्याची युक्ती आहे. तिच्यात पहिल्यांदा सापडतात ते गुरुजी. वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहायची परीक्षा, म्हणजे कॅप्चा, ते मात्र एका झटक्यात सोडवतात. हजारो उत्तरपत्रिका वाचलेल्या माणसाला ते अक्षर चांगलेच वाटते.

ओटीपी येतो आणि पंचाईत होते. सहा आकडे आल्याबरोबर टाइप करावेत, तर गुरुजी ते आधी वहीत उतरवतात. डावीकडे तारीख, उजवीकडे वेळ, मध्ये आकडे. अंगणात वाळवण घालणाऱ्या बायकोला, म्हणजे बाईंना, ते मोठ्याने वाचून दाखवतात, त्या खरे-खोटे करतात, आणि आकडे पडद्यावर चढेपर्यंत मुदत संपते. दुसरा ओटीपी येतो. गुरुजी पुन्हा पहिलाच भरतात, कारण तो आधी आलेला आहे आणि रांग मोडणे त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

पासवर्डच्या अटी त्यांना आवडतात: एक मोठे अक्षर, एक लहान अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. प्रश्नपत्रिकेला असते तशी ही सूचना ते शब्दशः पाळतात. पासवर्ड कुठेही लिहून ठेवू नका, ही पुढची सूचना मात्र पाळायची राहते. तो डायरीत जातो, त्याखाली ‘गुप्त’ असे लिहून दोनदा अधोरेखित होतो. पिन अधिक चतुराईने लपवला जातो. टेलिफोनच्या पानावर एका किराणा दुकानाच्या नावापुढे ते चार आकडे लिहून टाकतात. जुन्या डायरीत लँडलाइनचे असे आखूड नंबर असतात, त्यामुळे घरफोड्यालाही संशय येऊ नये. संशय येत नाहीच. पुढे खुद्द गुरुजींनाही आठवत नाही, दुकान कोणते धरले होते.

पहिला व्यवहार एक रुपयाचा असतो आणि तो मुलाला पाठवायचा असतो. त्याआधी मुलाचे खाते लाभार्थी म्हणून नोंदवावे लागते, आणि नव्या लाभार्थ्याला पैसे पाठवताना अनेक बँका काही तास थांबायला लावतात किंवा रकमेला मर्यादा घालतात. तरुण माणसे याने वैतागतात. गुरुजींना बँकेबद्दल पहिल्यांदाच आदर वाटतो. रुपया जातो, ‘मिळाला’ असा मुलाचा निरोप येतो, आणि त्याच दुपारी टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन गुरुजी शाखेत पासबुक भरायला निघतात. घरबसल्या झालेला व्यवहार पासबुकात छापला जाईपर्यंत झाला असे ते धरत नाहीत. पूर्वी महिन्यातून एकदा पेन्शनपुरती होणारी फेरी आता दर ऑनलाइन व्यवहारामागे एक अशी वाढते. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला 2014 पासून बोटाच्या ठशावर घरूनही देता येतो. तो देऊनही गुरुजी शाखेत जाऊन आपण हयात असल्याचे साहेबांना समक्ष दाखवून येतात.

हे निव्वळ हटवादीपण नव्हे. सेवाग्रामच्या आश्रमात पै-पैचा हिशेब ठेवला जाई, हे त्यांनी सहलीला नेलेल्या प्रत्येक तुकडीला नोकरीभर सांगितलेले असते. पडद्यावरची हिरवी खूण हा हिशेब नव्हे, असे त्यांचे म्हणणे. त्याच आश्रमात व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या काळी टेलिफोनही बसवला गेला होता, ही मुलाची कोटी त्यांना ठाऊक असते. पण त्या टेलिफोनवरून कोणी लाइटबिल भरले नाही, हे ते त्याच्या लक्षात आणून देतात.

या सगळ्या काळात बाई काय करत असतात? बाई बचत गटात आहेत. भाजी घेतात, कोड स्कॅन करतात, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी फुकट मागून घेतात आणि घरी येतात. पिन त्यांनी कुठेही लिहिलेला नाही. गुरुजी याला बँकिंग मानत नाहीत, कारण त्यात आयएफएससी लागत नाही.

चोरांच्या बाबतीत गुरुजींची कामगिरी संमिश्र आहे. ओटीपी अंगणात ओरडून सांगणे ही त्यांची उघडी बाजू. पण ‘केवायसी संपले, खाते बंद होणार’ असा फोन आला, की त्यांच्यातला परीक्षक जागा होतो. ते बोलणाऱ्याचे पूर्ण नाव विचारतात, हुद्दा विचारतात, शाखेच्या आयएफएससीतली पाचवी जागा विचारतात. समोरून ‘ओ’ असे उत्तर आले, तर ‘ओ नव्हे बाप्पा, शून्य,’ असे म्हणून फरक समजावू लागतात. फोन तिकडूनच कापला जातो. वेबसाइटच्या पत्त्याचा शेवट बँक डॉट इन असा आहे की नाही, हेही ते बोट ठेवून वाचतात. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, फक्त देण्यासाठी लागतो, हे वाक्य त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून टीव्हीच्या वर लावलेले असते. त्याखाली सायबर फसवणुकीचा 1930 हा नंबर, आणि त्याखाली सूचना: बाहेरच्या माणसाने पैसे पळवले, तर तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवावे, म्हणजे तोटा आपल्यावर येत नाही, ओटीपी आपणच सांगितला असेल, तर येतो.

वर्षभरात गुरुजी शिकवू लागतात. संध्याकाळी ओट्यावर चार-पाच पेन्शनर जमतात. माजी तलाठी बसतात मागच्या बाजूला. पाठ आयएफएससीपासून सुरू होतो, गृहपाठ तपासला जातो, आणि ‘ओटीपी कोणालाही सांगणार नाही’ हे वाक्य प्रत्येकाला पाच वेळा लिहून आणावे लागते. वाक्य लिहून घेतल्यापासून गुरुजी स्वतःचा ओटीपीही मनातच वाचतात. या वर्गातून बाहेर पडलेल्यांपैकी फार थोडे मोबाइलवरून पैसे पाठवतात. ओटीपी मात्र त्यांच्यापैकी एकही सांगत नाही, घरच्यांनी बिल भरायला मागितला तरी.