पट्टेवाले भाऊ

तालुका म्हटला की तहसील आली, पंचायत समिती आली, एसटी स्टँड आलं, स्टँडसमोर पानठेला आला. अलीकडे या यादीत जिमची भर पडली आहे, आणि जिम आली की पाठोपाठ भाऊ येतात. भाऊ जिमचे मालक नसतात, ट्रेनर नसतात, फी कधी भरतात हेही कुणी पाहिलेलं नसतं. तरी वजनाला हात घालण्याआधी पोट्टे मालकाकडे बघत नाहीत, भाऊंकडे बघतात. भिवापूरच्या भाऊंना सगळे तोंडावर 'भाऊ' म्हणतात आणि पाठीमागे 'पट्टेवाले भाऊ'.

दिवसा भाऊ एका कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसून बियाणं आणि फवारणीची औषधं विकतात. संध्याकाळी शटर ओढलं की खांद्यावर बॅग अडकवून जिमकडे निघतात. बॅग अशी फुगलेली असते की नवख्या माणसाला वाटावं, भाऊ नागपूरला मुक्कामी चाललेत. तिच्यातून आधी निघतो चामड्याचा कमरपट्टा. पॉवरलिफ्टिंगच्या नियमात पट्ट्याची रुंदी जास्तीत जास्त 10 सेंटिमीटर आणि जाडी 13 मिलिमीटर, आणि भाऊंचा पट्टा तेवढाच आहे. खोटं वाटत असेल तर बॅगेत मोजपट्टीही आहे. मग मनगटाला गुंडाळायच्या पट्ट्या, मग बार धरायचे सुती पट्टे, मग इंग्रजी आठच्या आकाराचे दुसरे पट्टे, मग मनगटाला बांधायचे लोखंडी हुक, आणि सर्वात शेवटी डबीतला पांढरा खडू. हे सगळं बाकावर ओळीने मांडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात बाकीच्यांचा व्यायाम आटोपतो.

भाऊंचा जीव डेडलिफ्टवर. जमिनीवर पडलेला बार दोन्ही हातांनी धरायचा, सरळ उभं राहायचं आणि परत खाली ठेवायचा, एवढाच हा प्रकार. पण त्यात एक मेख आहे. मांड्यांचे आणि पाठीचे स्नायू मोठे, ते भराभर तयार होतात. बोटं मिटून धरणारे कोपराखालचे स्नायू लहान, ते मागे राहतात. म्हणून पाठ 'आणखी टाका' म्हणत असते आणि बोटं उघडून मोकळी होतात. भाऊंच्या भाषेत सांगायचं तर, "पाठ उचलते, पन हात सोडते. म्हून हाताचा बंदोबस्त आधी!"

सिद्धांतात खोट काढायला जागा नाही. फक्त भाऊंनी बंदोबस्त इतका आधी केला आहे की वजन यायचं राहूनच गेलं. 20 किलोचा बार आणि दोन बाजूंना 20-20 च्या प्लेटा, म्हणजे 60 किलो. यापुढे भाऊंना गेलेलं गावात कुणी पाहिलेलं नाही. "आज पाठ जरा धरली हाये," हे त्यांचं कायमचं उत्तर.

पण तयारी बघण्यासारखी असते. सुती पट्ट्याचं टोक फासातून ओवून त्यात मनगट घालायचं. उरलेली शेपटी बारखालून घ्यायची, बोटं ज्या बाजूने वळतात त्याच्या उलट दिशेने, आणि बार किंचित स्वतःकडे फिरवत आवळायची. डावा हात असा झकास बांधला जातो. मग अडचण उजव्याची, कारण तो बांधायला डावा मोकळा राहिलेला नसतो. सराव असलेला गडी बोटांच्या टोकांनी निभावून नेतो. भाऊ एका पोट्ट्याला हाक मारतात. पोट्टा उजवा पट्टा आवळतो, भाऊ श्वास भरतात, जिममध्ये शांतता पसरते आणि नेमका त्याच वेळी बाकावरचा फोन वाजतो. वहिनी! दोन्ही हात बारला जखडलेले. पोट्टा फोन कानाशी धरतो आणि भाऊ वाकल्या वाकल्या बोलतात, "हाव, आनतो ना सांभार. नाई, आत्ता नाई येत. जरासा अडकलो हाये."

कमरपट्ट्याबद्दलही भाऊंचं म्हणणं बरोबर असतं. पोट आत दाबायला पट्टा नसतो. पोटात हवा भरून पट्ट्यावर आतून दाब द्यायचा, म्हणजे कण्याला आधार मिळतो. मात्र असा दाब द्यायला भाऊंना श्वास घ्यावा लागत नाही, जेवण पुरतं.

पोलीस भरतीच्या तयारीला आलेली पोरं हा भाऊंचा हक्काचा वर्ग. भरतीच्या मैदानी परीक्षेत 1600 मीटर धावण्याला 20 गुण, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. एकाने भीत भीत विचारलं, "भाऊ, भरतीत डेडलिफ्ट हाये का?" भाऊ म्हणाले, "नाई. पन गोळा फेकाले पंजा लागते का नाई?" झालं, पोरगं अडकलं. मग पकडींचं व्याख्यान सुरू.

पहिली साधी पकड, दोन्ही तळवे आपल्याकडे. सगळ्यात प्रामाणिक आणि सगळ्यात आधी सुटणारी, कारण बार बोटांच्या दिशेने गरगरतो. दुसरी मिश्र, एक तळवा आत आणि एक बाहेर. बार एका हातातून निसटायला गेला की दुसऱ्या हातात घट्ट होतो, म्हणून वजन एकदम वाढतं. पण तळवा पुढे असलेल्या हाताचं कोपर वाकवून ओढलं तर दंडाचा स्नायू हाडापासून तुटू शकतो, आणि नेहमी एकच हात उलटा ठेवला तर शरीर एका अंगाला झुकायला लागतं. तिसरी हुक पकड. आधी अंगठा बारभोवती आणि त्याच्यावर बोटं, म्हणजे अंगठा बार आणि बोटांच्या मधे चेंगरतो. वेटलिफ्टर हीच धरतात. बर्मिंगहॅमच्या 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात 248 किलो उचलून रौप्यपदक आणणाऱ्या सांगलीच्या संकेत सरगरचा दाखला भाऊ इथे देतात. पोरगं हुक पकड धरतं, "आई गं" म्हणतं आणि अंगठा चोखत बसतं. "दोन-चार हप्ते दुखते," भाऊ धीर देतात. आपण स्वतः ही पकड का धरत नाही, हे सांगत नाहीत.

पट्टे वापरणं म्हणजे लबाडी, असं कुणी म्हटलं की भाऊंचा पारा चढतो. "2016 मंदी लीड्सले एडी हॉलनं 500 किलो उचललं, जगात पयल्यांदा. पट्टे बांधून! त्याले कोनी लबाड म्हनलं का?" कुणीच म्हटलं नाही, हे खरं. स्ट्राँगमनच्या खेळात पट्टे चालतात. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत मात्र चालत नाहीत, तिथे पकडीसाठी खडू एवढ्यावरच भागवावं लागतं. भाऊंना दोन्ही नियम तोंडपाठ आहेत. एडी हॉलच्या आणि आपल्या वजनात 440 किलोंचा फरक आहे, ही बारीकशी बाब ते मधे आणत नाहीत. जेजुरीला मर्दानी दसऱ्याला सुमारे 42 किलोचा खंडा लोक एका हाताने तोलून धरतात, तिथे कसले पट्टे, असं मालकाने सुनावलं तेव्हा भाऊ क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "त्याहिले खंडोबा पावते. आपल्याले पट्टाच पावते."

खडूवरून भाऊंचं सगळ्या जिमशी वाजलं आहे. हा फळ्यावरचा खडू नव्हे, मॅग्नेशियम कार्बोनेट. घाम शोषतो आणि तळवा कोरडा ठेवतो. मालकाला फरशी पांढरी झालेली खपत नाही. पोट्ट्यांना पांढरी ती सगळी पावडर सारखी. एकाने घरची टाल्कम चोपडली आणि बार हातात ठरेचना. दुसरा कॅरमची बोरिक पावडर घेऊन आला. "अबे, थे सोंगटी सरकाव म्हून असते!" भाऊ ओरडले. "हात सरकवाचा हाये का तुले?" पॉवरलिफ्टर टाल्कम लावतात ती मांड्यांना, बार वर येताना घासू नये म्हणून. हातांना ती लावणं म्हणजे विहिरीत उडी घेण्याआधी दोर कापणं. तिसऱ्याने खिशातली चुन्याची डबी काढली. भाऊंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

चुन्याचा विषय निघाला की खर्ऱ्यावर जातोच. भाऊंचं ठाम मत आहे की गावात बिनतालमीचा सर्वात भारी पंजा पानठेलेवाल्याचा. दिवसभर पन्नीत सुपारी-तंबाखू घोटून घोटून त्याच्या मनगटावरच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या. भाऊंनी एकदा त्याला जिमला यायचं आवतण दिलं. तो घोटता घोटता म्हणाला, "मंग खर्रा कोन घोटन, तुमी?"

आता भिवापूर म्हणजे मिरची. इथल्या बुटक्या, लालभडक मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि हंगामात सातऱ्यांवर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी, बाया दिवसभर देठं खुडत बसलेल्या असतात. त्यांच्या घरचे, आणि मिरचीची पोती भरणारे-शिवणारे पोट्टे, संध्याकाळी त्याच हातांनी जिममध्ये येतात. बारवर पकड बसावी म्हणून दातेरी नक्षी कोरलेली असते. तिच्या खाचांत मिरची मुरते. भाऊ बार धरतात, मग कपाळाचा घाम पुसतात, मग डोळा. "नर्लिंग लय धारदार हाये याचं," भाऊ डोळे मिटून म्हणतात, "कातडीच सोलते." मिरचीतलं कॅप्सेसिन नुसत्या पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे नळाखाली डोळे धुतल्याने ते उलट पसरतं. साबण किंवा तेल लावून आधी हात साफ करावा लागतो. भिवापुरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. भाऊंनाही ठाऊक असणार, पण जिममधला दोष मिरचीच्या पदरात टाकणं त्यांच्या अभ्यासू मनाला पटत नाही.

भाऊंचं ज्ञान जिमबाहेरही सांडतं. लग्नात आचारी भाताचा गंज चुलीवरून उतरवत असतात. दोघं दोन बाजूंनी, हातात ओली फडकी. भाऊ पंगतीतून उठून तिथे हजर. "एक हात उलटा धरा! मिश्र पकड!" आचारी वर न बघता म्हणतो, "भाऊ, सरका. पोळन." गंज उतरतो, भात वाढला जातो, आणि भाऊ शेजाऱ्याला सांगत बसतात की पाठ वाकली होती, थोडक्यात वाचले.

भाऊंना निरुत्तर फक्त एकाने केलं. मार्केट यार्डात हमाली करणारा गडी, पोराची फी भरायला जिममध्ये आला होता. खांद्यावर दुपट्टा, कमरेला आकडा. भाऊ तेव्हा रिकाम्या बारला पट्टे बांधत होते. गडी थांबून पाहू लागला. भाऊंना वाटलं, आता ऐकावं लागणार. आवाज जरा चढवूनच त्यांनी सांगितलं की आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 साली शिफारस केली आहे, गड्यामाणसाने हाताने वाहायचं वजन 55 किलोच्या वर नसावं. "मंग त्याहिले म्हना मार्केटात या," गडी म्हणाला. क्विंटलची पोती पाठीवर घेतलेली त्याची पिढी. मग आकडा काढून त्याने भाऊंच्या पट्ट्याशेजारी धरला. "भाऊ, आमचा आकडा आन् तुमचा पट्टा, एकच भानगड हाये. बोटं थकते, म्हून थे लागते."

भाऊंचा चेहरा खुलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी पट्ट्याची बाजू घेतली होती, आणि तीही ओझ्यावर पोट भरणाऱ्याने. त्यांनी मालकाकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"पन," गडी पुढे म्हणाला, "साखरेच्या पोत्याले आमी आकडा नाई लावत. पोतं फाटते, सेठ बोंबलते. सोयाबीनच्या तागाच्या पोत्याले लावतो. आन् रिकामं पोतं तं भाऊ, आमी हातानंच उचलतो."

पोट्टे हसले. भाऊ हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. त्यांनी पट्टे सोडले, घडी घातली आणि बॅगेत ठेवले. दुसऱ्या दिवसापासून 40 किलोपर्यंत पट्टा बांधायचा नाही, असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला. 60 ला अजून बांधतात.

भाऊंची टिंगल करणं सोपं आहे, आणि आम्ही ती मनसोक्त करतो. पण जिम सुरू झाल्यापासून तिथे कुणाची पाठ गेली नाही, याचं श्रेय भाऊंचं. मोबाइलवर व्हिडिओ बघून एक पोट्टा थेट 100 किलोवर मिश्र पकड लावून बसला होता, उलट्या हाताचं कोपर वाकलेलं, पाठीची कमान झालेली. भाऊ डोळे चोळत होते, तसेच धावले आणि बारवर पाय देऊन उभे राहिले. "कोपर सरळ! हात निस्ता दोर हाये, ओढाचं काम पायाचं!" पोट्ट्याला राग आला. त्याने वजन उतरवलं आणि महिनाभर भाऊंशी बोलला नाही. महिन्याभराने साध्या पकडीने 100 किलो उचलले, खाली ठेवले आणि आधी भाऊंकडे पाहिलं. भाऊ म्हणाले, "आता खडू लाव."

डेडलिफ्टच्या वाटेला जाणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा. हलक्या वजनाला उघडे हात आणि साधी पकड, म्हणजे बोटांनाही मजुरी मिळते. बार सरकायला लागला की खडू. त्याहून भारी झालं की हुक, किंवा हात आलटून-पालटून मिश्र पकड. बोटं थकली आणि पाठीत जोर उरला तर पट्टे. पट्टा लागतो शेवटच्या सेटला. पट्टेवाले भाऊ मात्र पहिल्या दिवसापासून लागतात, आणि ते बॅगेत मावत नाहीत.