बचतीचा मसाला : हिशेबी गृहस्थांसाठी मार्गदर्शिका

घरी मसाला करायची स्फूर्ती स्वयंपाकघरात होत नाही. ती वाण्याच्या बिलावर होते, आणि ज्यांनी उभ्या जन्मात कढईला हात लावलेला नाही, बहुधा त्यांनाच होते. कोथरूडमधल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना ती ३१ मार्चला झाली. नोकरी सुटली, पण मार्चअखेरीला ताळेबंद मांडायची सवय सुटलेली नाही. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, सांबार मसाला, पावभाजी मसाला आणि नातवंडं आली की लागणारी सुपाची पाकिटं, असं सगळं त्यांनी एका कागदावर उतरवलं, बेरीज केली, आणि ती चुकली असेल म्हणून परत केली.

"अगं, धने काय किलो आहेत?" काकांनी बाहेरून विचारलं.

काकूंनी उत्तर दिलं नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात या सुरातले प्रश्न त्यांना पाठ झालेत. याच सुरातून पूर्वी घरात सौरचूल आली होती, आणि न्हाणीघरात अळिंबीची शेती.

प्रस्तुत मार्गदर्शिका अशा समस्त काकावर्गासाठी आहे. काकूंना तिची गरज नाही.

नियम पहिला : मसाल्याआधी वही आणावी. वहीत तारीख, जिन्नस, वजन, दर, रक्कम आणि शेरा असे उभे रकाने आखावेत. रेघा लाल शाईच्या असाव्यात. काकांनी हे सगळं केलं. एक रकाना मात्र त्यांच्याकडून राहिला. त्याच्याकडे पुढे येऊ.

नियम दुसरा : खरेदी घाऊक करावी. इथे पहिला घोटाळा होतो. अर्धा किलो धन्यांचा गोडा मसाला करायचा, तर जिरे, तीळ आणि सुकं खोबरं प्रत्येकी शंभर ग्रॅम लागतं, आणि दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, दालचिनी, लवंग, बाद्यान, मसाला वेलची, शहाजिरे ही मंडळी दहा-दहा ग्रॅम. घराघरात थोडा फरक पडेल, पण अंदाज हाच. आता मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात जाऊन दहा ग्रॅम दगडफूल मागून बघावं. दुकानदार गिऱ्हाइकाकडे आधी प्रेमाने बघतो, मग घड्याळाकडे. काकांनी पाणउतारा नको म्हणून पाव किलो मागितलं. पाव किलो दगडफूल म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगायचं, तर त्यात एक बरी उशी भरून निघते. काकूंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "अहो, हे आपल्या नातवाच्या लग्नापर्यंत पुरेल." नातू दुसरीत आहे.

आणि ते फूलही नव्हे. बुरशी आणि शैवाल यांनी खडकावर किंवा झाडाच्या सालीवर एकत्र थाटलेलं ते बिऱ्हाड असतं; एक जण आसरा देतो, दुसरा अन्न तयार करतो, आणि कोण किती करतं याची वही कुणी ठेवत नाही. कच्चं हुंगलं तर जुन्या गोणपाटाची आठवण होते. चमचाभर तेलात परतलं की मात्र असा काही वास सुटतो, की आमटी न आवडणारा माणूसही ओट्याशी येऊन उभा राहतो. निवडायला ते महाकंटाळवाणं. झाडाच्या साली, काड्या, माती सगळं त्यात असतं, आणि एक खडा राहिला तरी तो नेमका पाहुण्याच्या दाताखाली येतो.

नियम तिसरा : खोबऱ्याची वाटी मोडून हुंगल्याशिवाय घेऊ नये. खवट खोबरं भाजलं तरी खवटच राहतं.

हिंगाबद्दल थोडक्यात. डबीतला बांधानी हिंग म्हणजे बहुतांशी डिंक आणि पीठ, त्यात खरा हिंग थोडा. डबीवरचे घटक वाचले की कळतं. अस्सल हिंग इराण-अफगाणिस्तानातून येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचलातल्या लाहौलच्या खोऱ्यात शास्त्रज्ञांनी हिंगाची रोपं लावली, ही बातमी काकांनी वाचली होती आणि बाल्कनीतली गुलाबाची कुंडी रिकामी करायचा विचारही बोलून दाखवला होता. हिंगाला थंड कोरडा डोंगर लागतो आणि हाती काही यायला काही वर्षं जावी लागतात, असं कळल्यावर गुलाब वाचला.

नियम चौथा : प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा. या नियमावर मात्र कोणतीही सवलत नाही. तीळ क्षणात तडतडतात, धन्यांना वेळ लागतो, लवंग तेलात फुगायला हवी, खोबरं सोनेरीच्या पुढे गेलं की संपलं. सगळं एकदम कढईत लोटलं तर तीळ जळतात आणि धने कच्चे राहतात. जळलेल्या तिळाचा कडूपणा मागाहून कशानेही जात नाही. काकांच्या जुन्या खात्यात याला बुडीत कर्ज म्हणत.

"धने किती मिनिटं भाजायचे?" काकांनी पेन सरसावून विचारलं.

"वास येईपर्यंत."

"म्हणजे किती?"

"वास आला की कळतं."

या संवादावर महाराष्ट्रातले निम्मे पाकशास्त्र उभे आहे आणि उरलेले निम्मे याच संवादावर आडवे झालेले आहे. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं आणि मापं वाटी-चमच्यात सांगता येतात हे घरोघरी कळलं, ते मोठंच काम झालं. पण वासाची वाटी अजून निघालेली नाही. काकांनी मोबाइलवर घड्याळ लावलं. चार मिनिटं वीस सेकंदांनी धन्यांना वास आला, असं त्यांनी वहीत नोंदवलं. दुसऱ्या घाण्याला कढई आधीच तापलेली होती, त्यामुळे तीन मिनिटांतच धने काळवंडू लागले, आणि काकूंनी घड्याळाला न विचारता गॅस बंद केला. भाजणाऱ्या हाताला हे कसं कळतं, ते काही सांगता येत नाही. काकूंच्या सासूबाई शेवटी शेवटी डोळ्यांनी पार अधू झाल्या होत्या. पण माजघरात बसून त्या 'जिरं उतरव आता' म्हणायच्या, आणि ती वेळ बरोबर असायची.

नियम पाचवा : गार झाल्याशिवाय कुटू नये, आणि कुटल्यावरही गार झाल्याशिवाय भरू नये.

मिरचीचं प्रकरण स्वतंत्र ग्रंथाचं आहे. रंग आणि तिखटपणा ही दोन वेगळी खाती आहेत, हे आधी समजून घ्यावं. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची बेडगी मिरची रंग देते, जाळत नाही. लवंगी किंवा गुंटूर तिखटपणासाठी. कोल्हापूरकडचा कांदा-लसूण मसाला करायचा तर संकेश्वरीला पर्याय नाही, असं तिकडची माणसं सांगतात. आणि मसाल्याच्या बाबतीत तिकडच्या माणसांशी वाद घालू नये. मुंबईत लालबागच्या मिरची गल्लीत एप्रिल-मे महिन्यांत उभं राहिलं, तर बायका तीन-चार जातींच्या मिरच्या कशा मापून मापून मिसळतात ते बघायला मिळतं. काकांनी दरांचा तौलनिक तक्ता केला आणि सर्वांत स्वस्त ती एकच मिरची आणली. मसाला विटकरी झाला आणि आमटी खाताना घरात कुणी बोलेनासं झालं.

मिरच्या भाजताना खिडक्या उघडाव्यात की लावून घ्याव्यात, यावर विद्वानांत मतभेद आहेत. लावल्या तर घरचे खोकतात, उघडल्या तर सोसायटी. काकांनी उघडल्या. दुसऱ्या मजल्यावरून शिंका, तिसऱ्यावरून फोन आणि संध्याकाळी सूचनाफलकावर एक निनावी कागद आला. मिरच्यांना हात लावण्याआधी हाताला तेल चोळावं, कारण तिखट पाण्याने निघत नाही. हे काकूंनी सांगितलं होतं. काकांनी ऐकलं नाही आणि मग डोळा चोळला.

कुटण्यासाठी डंख की मिक्सर? डंखावर मसाला कांडला जातो. मिक्सरचं पातं फिरतं तशी भांड्यात उष्णता वाढते, आणि सुगंधी तेलं तिथेच उडू लागतात. म्हणून मिक्सर लावायचाच तर थांबत थांबत, थोडं थोडं घालून. पण डंखवाला किलोमागे पैसे घेतो, आणि काकांच्या मते तिथेच बचतीला गळती लागते. त्यांनी अख्खं हळकुंड मिक्सरमध्ये टाकलं. जो आवाज आला तो काकूंनी देवघरात ऐकला. नवा कपलर आणि भांड्याचं पातं यांचा खर्च वहीत 'मसाला' या शीर्षाखाली आढळत नाही. तो 'घरदुरुस्ती'खाली आहे. ही खुबी शिकायला माणसाला बँकेत पस्तीस वर्षं काढावी लागतात.

साठवणीबाबत वसई-वांद्र्याच्या ईस्ट इंडियन मंडळींचा कित्ता गिरवावा. त्यांचा वर्षाचा बॉटल मसाला उन्हाळ्यात होतो आणि बिअरच्या गडद तपकिरी बाटल्यांत ठासून भरला जातो. उजेड आत शिरत नाही, म्हणून रंग आणि वास टिकतो. एवढी एक सूचना काकांनी तात्काळ आणि मनापासून स्वीकारली. "बाटल्या मी आणतो," ते म्हणाले. काकूंनी काचेच्या बरण्यांना खाकी कागद गुंडाळला.

आता सूप. पाकिटातलं सूप हे मुळातच काटकसरीचं अपत्य आहे. १८६७ मध्ये बर्लिनच्या एका आचाऱ्याने वाटाण्याचं पीठ, चरबी आणि मसाला यांची कांडी वळली, आणि १८७० च्या युद्धात प्रशियाचे शिपाई तीच पाण्यात उकळून प्याले. पुढे १८८६ मध्ये ज्युलिअस मॅगी या स्विस गिरणीमालकाने डाळींच्या पिठाची झटपट सुपं बाजारात आणली. कारखान्यात दिवसभर राबणाऱ्या बायकांना रांधायला वेळ नव्हता, ही त्यामागची अडचण होती. म्हणजे पाकिटात निम्मी किंमत वेळेची असते. हे वाक्य काकांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "वेळ काय, आपल्याकडे भरपूर आहे." 'आपल्याकडे' म्हणताना ते आरामखुर्चीत होते.

पाकिटावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. टोमॅटो सूपचं पाकीट वाचावं; स्टार्च, साखर, मीठ कुठे बसलेत आणि टोमॅटो कुठे, ते पाहावं. काका वाचून संतापले आणि दहा किलो टोमॅटो घेऊन आले. टोमॅटोत शेकडा चौऱ्याण्णव-पंचाण्णव भाग पाणी असतं, हा तपशील बाजारात कुणी सांगत नाही. किलोला पन्नास-साठ ग्रॅम भुकटी निघाली तर नशीब. दहा किलोंच्या चकत्या तीन दिवस गच्चीवर साडीच्या झाकणाखाली वाळत होत्या, चौथ्या दिवशी वळीव आला, आणि उरल्या त्यांची जी भुकटी झाली ती एका बरणीत मावली. आठवड्याने त्या बरणीत वीट तयार झाली. टोमॅटोतली साखर हवेतलं पाणी ओढते. चकती वाकली तर ती वाळलेली नाही, कडकन मोडली पाहिजे. भुकटीत चमचाभर भाजलेलं तांदळाचं पीठ मिसळावं आणि ती लहान लहान बाटल्यांत भरावी, म्हणजे दर वेळी सगळ्या मालाला हवा लागत नाही.

त्यापेक्षा सरळ उपाय मुगाच्या डाळीचा. वाटीभर डाळ मंद आचेवर गुलाबी भाजावी, गार करून दळावी, त्यात चमचाभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, अर्धा चमचा मिरपूड, पाव चमचा सुंठ आणि मीठ घालावं. दीड पेला गार पाण्यात दोन मोठे चमचे कालवून सात-आठ मिनिटं उकळावं. नुसतं गरम पाणी ओतून भागत नाही, डाळ शिजावी लागते.

हे मिश्रण काकांनी मोठ्या अभिमानाने 'संशोधित सूप क्रमांक २' म्हणून पुढे केलं. काकू राजापूरकडच्या. त्यांनी एक घोट घेतला, आत गेल्या आणि डब्यातून कुळथाचं पीठ काढलं. लसणीची फोडणी, पाणी, दोन आमसुलं, कालवलेलं पीठ, एक उकळी आणि वर थोडा दम. दहा मिनिटांत पातळ कुळथाची पिठी पुढ्यात आली. भाजून, भरडून, सालं पाखडून दळलेलं हे पीठ कोकणात घराघरात असतं. प्रवासाला निघालेल्याच्या पिशवीत असतं, तापातून उठलेल्याच्या उशाशी असतं. शेजारी मेतकुटाचा डबा. काकांनी वाटी संपवली आणि दुसरी मागितली. वहीत याची नोंद नाही.

राहता राहिला तो न आखलेला रकाना. निवडणं, उन्हात घालणं, राखणं, भाजणं, कुटणं, चाळणं, चाळणीवरचं परत कुटणं, आणि शेवटी ओट्यापासून पंख्याच्या पात्यापर्यंत सगळं पुसणं, यात काकूंचे पुरते अकरा तास गेले. मजुरी कुठे धरली, असं विचारल्यावर काका दचकले. "घरच्या माणसाची मजुरी धरत नाहीत," ते म्हणाले. धरत नाहीत, म्हणूनच तर घरचं स्वस्त पडतं! १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले आणि लाटण्याचे पैसे हिशेबात धरले, त्याची पुढे लिज्जत झाली. काकांना ही गोष्ट ठाऊक आहे. बँकेच्या एका कार्यक्रमात त्यांनी ती भाषणात सांगितलीही होती.

मसाला झाला, बरा झाला. मिरचीची चूक काकूंनी मागाहून बेडगी आणून निस्तरली. त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी चैत्रातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आल्या, वास घेऊन थबकल्या, आणि काकूंनी वाटीभर मसाला त्यांच्या हातात दिला. त्या गेल्यावर काकांनी वहीत लिहिलं : 'शेजारी, गोडा मसाला, १ वाटी. येणे.'

दोन दिवसांनी वाटी परत आली. रिकामी नव्हती, शीग लावून आंबेडाळ होती. काका वही उघडून बराच वेळ बसले. कैरी, डाळ, ओलं खोबरं, फोडणी.

"अगं, हे जमेत कसं दाखवायचं? वजनाने की बाजारभावाने?"

"आधी खाऊन घ्या," आतून आवाज आला, "आणि वाटी धुवू नका अजून, तिच्यात काय घालून द्यायचं ते ठरायचंय."