ताशी ३०० आणि पुढे भिंत

व्हिडिओ गेममधली गाडी घेताना डाउन पेमेंट नसतं, हप्ते नसतात, सासऱ्यांचा सल्ला नसतो आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती मावेल का, हाही प्रश्न नसतो. त्यामुळे माणसाची खरी आवड तिथे उघडी पडते. माझ्या भाच्याची पडली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला हा मुलगा ‘ग्रॅन टुरिस्मो ७’च्या शोरूममध्ये शिरला की फक्त अश्वशक्तीचा आकडा वाचतो. वजन किती, टायर कुठले, इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना की मागच्या, असल्या चौकशा त्याच्या मते म्हाताऱ्यांच्या. म्हणजे माझ्या.

हा गेम बनवणारे काझुनोरी यामाउची मात्र माझ्या बाजूचे असावेत. १९९७ साली त्यांचा पहिला ग्रॅन टुरिस्मो आला, तेव्हापासून खेळणाऱ्याला आधी लायसन्स काढायला लावायची त्यांची शिस्त आहे. २०२२ च्या सातव्या भागातही पहिला धडा काय, तर गाडी काढा, पळवा आणि आखलेल्या चौकटीत थांबवा. खऱ्या लायसन्ससाठी मी इतका घाम गाळला नव्हता. बरं, पहिली गाडी म्हणून समोर फेरारी येत असेल तर नाव नको. होंडा फिट, टोयोटा ॲक्वा, माझदा डेमिओ. घ्या यातली एक, तीही सेकंडहँड. फिट म्हणजे आपल्याकडे जॅझ नावाने विकली जायची तीच. आमच्या इमारतीत ती बँकेतून निवृत्त झालेल्या काकांकडे आहे. रविवारी कव्हर काढून पुसली जाते आणि पुन्हा कव्हर घातलं जातं. ती शर्यतीत पळवायची, ही कल्पनाच भाच्याला अपमानास्पद वाटली.

म्हणून पैसे साठताच त्याने डॉज व्हायपर घेतली. ८ लिटरचं दहा सिलिंडरचं इंजिन, ४५० अश्वशक्ती. मी घेतली १९८९ ची माझदा रोडस्टर. १२० अश्वशक्ती, वजन साधारण ९४० किलो. तिला बघून तो म्हणाला, “मामा, हिला धक्का मारायला खाली उतरावं लागतं का?”

आम्ही त्सुकुबाला भिडलो. जपानमधला हा ट्रॅक जेमतेम दोन किलोमीटरचा, आणि त्यात यू-टर्नसारखी वळणं. सुरुवातीच्या सरळ रस्त्यावर व्हायपर अशी गेली की मला फक्त तिचा आवाज मागे राहिलेला ऐकू आला. पहिल्या वळणाला पोचलो तेव्हा मात्र भाचा रस्ता सोडून वाळूत शिरला होता आणि कंट्रोलरला दोष देत होता.

दोष कंट्रोलरचा नाही. ५० मीटर त्रिज्येचं वळण धरा. टायर चांगले, म्हणजे गाडीच्या वजनाइतकीच आडवी ओढ पेलणारे धरले, तर तिथे ताशी ८० किलोमीटरच्या आसपास जाता येतं. त्यापुढे गाडी बाहेर फेकली जाणार. या हिशेबात इंजिन कुठेच येत नाही. वळणाला तुमची अश्वशक्ती सांगून उपयोग नसतो. बरं, त्या ८० वर आधी यायला हवं ना? त्याच पकडीवर ताशी २०० वरून पूर्ण थांबायला १६० मीटर लागतात, ३०० वरून साडेतीनशेच्या वर. वेग दीडपट, अंतर सव्वादोनपट. हे गणित भाच्याने परीक्षेत सोडवलेलं आहे, मार्कही मिळालेले आहेत. शोरूममध्ये जाताना तो ते बाहेर चपलांपाशी काढून ठेवतो.

टायरची पकड म्हणजे ठरलेला पगार. ब्रेकने तो सगळा उडवला तर स्टेअरिंगने महिनाअखेर काय खायचं? जोरात ब्रेक दाबून त्याच क्षणी चाक वळवलं की व्हायपर नाकासमोर चालू लागते. माणसात हा गुण असतो, गाडीत नसावा.

त्यावर त्याचा मुद्दा असा, की वळणावर गेलेला वेळ तो सरळ रस्त्यावर भरून काढेल. मी कागद घेतला. एक किलोमीटर वळणावळणाचा भाग ताशी ६० ऐवजी ६६ ने कापला, तर साडेपाच सेकंद वाचतात. एक किलोमीटर सरळ रस्ता २४० ऐवजी २६४ ने कापला, तर दीड सेकंदही वाचत नाही. दोन्हीकडे वाढ दहाच टक्के. माणूस सगळ्यात जास्त वेळ हळू जातानाच घालवतो, तेव्हा सुधारणा तिथेच करावी. भाच्याने कागद नीट वाचला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

गेमने यावर एक नामी उपाय काढलाय. प्रत्येक गाडीला गुण असतात, आणि बऱ्याच शर्यतींत गुणांची मर्यादा. टर्बो बसवला की गुण वाढतात, मऊ टायर घातले तरी वाढतात. म्हणजे दोन्ही हौशी एकदम भागत नाहीत. मी आधी टायर घेतो, मग वजन कमी करतो, आणि काही उरलंच तर इंजिनाकडे वळतो. नवख्याने चारही चाकांना जोर देणारी लॅन्सर इव्होल्यूशन घ्यावी आणि गप्प बसावं, असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिन मधोमध असलेल्या गाड्या दिसायला देखण्या, पण वळणात घाबरून पाय उचललात की गर्रकन मागे वळून तुमच्याकडे बघतात.

एक गोष्ट भाच्यासमोर मी बोलत नाही. ले माँच्या सार्थ ट्रॅकवर माझ्या रोडस्टरचं काही चालत नाही. तिथल्या मुल्सानच्या सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर १९८८ साली एका गाडीने ताशी ४०५ गाठले होते. १९९० साली मध्ये दोन वाकणं घालून त्या रस्त्याला आवरावं लागलं. तिथे रोडस्टर घेऊन गेलं की सगळे आपल्याला ओलांडून जातात आणि आपल्याला निसर्ग बघायला मिळतो.

ताईचा या सगळ्यालाच आक्षेप. “गेम खेळून कुणाचं भलं झालंय?” मी तिला लुकास ऑर्दोनेझ सांगितला. स्पेनचा मुलगा, २००८ साली याच गेमच्या स्पर्धेतून निवडला गेला, आणि २०११ साली खऱ्या ले माँमध्ये आपल्या गटात दुसरा आला. ताई क्षणभर गप्प बसली. मग मुलाकडे वळून म्हणाली, “बघ, तोसुद्धा काहीतरी करून दाखवतोय.”

परवा मेंटेनन्सची पावती द्यायला जॅझवाले काका आले. भाचा सार्थवर अर्ध्या तासाच्या शर्यतीत होता. गाडी सुसाट, पण पेट्रोल भरायला सारखी पिटमध्ये, आणि तेवढ्यात मागचे पुढे. काका चष्मा सावरून जरा वेळ बघत राहिले.

“ॲव्हरेज किती देते रे?”

भाचा हसला. मी हसलो नाही, कारण पडद्यावर पेट्रोलच्या मिश्रणाचं बटण होतं, एक ते सहा. एकवर गाडी तुफान पळते आणि तुफान पिते. मी काकांना ते दाखवलं.

“मग सहावर टाक की,” काका सोफ्यावर टेकत म्हणाले. “आणि गिअर लवकर बदल, इतकं ओरडू देऊ नकोस तिला. पुढे वळण आहे ना? मग आत्ताच पाय काढ, ब्रेक कशाला झिजवतोस?”

भाच्याने नाइलाजाने ऐकलं. पेट्रोलसाठीची एक फेरी चक्क वाचली, आणि पडद्यावर त्याचं नाव तिसरं दिसू लागलं. तो खुर्चीच्या कडेला सरकला. काकाही पुढे सरकले.

“या रस्त्याला उतार कुठे आहे का बघ,” ते हळूच म्हणाले, “न्यूट्रल करू.”