अंत्य 'ई' महाशयांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री अंत्य 'ई' महाशय, रोमन वर्णमालेतील अनुक्रमांक 5, वास्तव्य इंग्रजी शब्दांच्या शेवटच्या घरी, यांच्या सेवेसी समस्त एकारान्त मराठी आडनावांतर्फे विनंती विशेष.

मोरे, माने, साने, दाते, दिवे, काळे, काणे इत्यादी आडनावांच्या शेवटी 'ए' हा स्वर स्वच्छ ऐकू येतो. परंतु ही आडनावे रोमन लिपीत उतरली की त्या जागी महाशयांची स्थापना होते आणि अनर्थाला तेथूनच आरंभ होतो. कारण महाशय तेथे विराजमान होतात, पण बोलत नाहीत; वर मागच्या स्वरालाही आपला मूळ उच्चार बदलायला लावतात. त्यामुळे लंडनच्या दवाखान्यात किंवा न्यू जर्सीच्या शाळेत दाते यांचा पुकारा 'डेट' असा होतो, माने 'मेन' होतात, दिवे 'डाइव्ह' होतात, आणि साने 'सेन' होतात, ज्याबद्दल फारशी तक्रार करता येत नाही, कारण इंग्रजीत त्याचा अर्थ 'शहाणा' असा आहे. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड सिद्ध करून 1963 साली भारतरत्न ठरलेले महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या आडनावाची रोमन अक्षरे आणि न्यूझीलंडचा फलंदाज केन विल्यमसन याच्या पहिल्या नावाची अक्षरे, टिंबे-रेघा वगळल्या तर, तंतोतंत एकच आहेत. दोघांत भेद कसा करावा याविषयी महाशयांनी आजवर चकार शब्द काढलेला नाही.

महाशय पूर्वी असे नव्हते, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. चौदाव्या शतकातील इंग्रजीत, म्हणजे चॉसर कवीच्या काळात, नाव या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा उच्चार साधारणपणे 'नाम' आणि त्याच्या शेवटी एक ओझरता 'अ' असा होत असे. म्हणजे त्या काळचा इंग्रज आणि संस्कृत जाणणारा पंडित या एका शब्दापुरते तरी एकमेकांना समजले असते. पुढे हा ओझरता स्वर गळून पडला आणि 1400 ते 1700 या दरम्यान इंग्रजीतील दीर्घ स्वर आपापली स्थाने सोडून वर सरकले, ज्याला भाषाशास्त्रात 'महास्वरांतर' म्हणता येईल. त्यात 'आ'चा हळूहळू 'एइ' झाला. लेखन मात्र जुनेच राहिले. 1582 साली रिचर्ड मल्कास्टर या शिक्षकाने लेखनाचे नियम मांडताना महाशयांना स्वतः मुके राहून मागच्या स्वराचे दीर्घत्व दाखवण्याचे काम रीतसर सोपवले, आणि तेव्हापासून महाशयांचे हे मौन केवळ सवय न राहता पद होऊन बसले.

अशा पदस्थ व्यक्तीच्या दारी मराठी आडनावांना कोणी नेऊन सोडले, याचाही शोध घेणे प्राप्त आहे. 1788 साली 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडात सर विल्यम जोन्स यांनी पौर्वात्य शब्द रोमन लिपीत लिहिण्याची एक पद्धती मांडली, आणि तिचे सार असे की व्यंजने इंग्रजीप्रमाणे वाचावीत व स्वर इटालियनप्रमाणे. पुढे विल्यम विल्सन हंटर यांनी तिचेच सुटसुटीत रूप सरकारी कारभारात रुजवले. पद्धती शास्त्रशुद्ध होती. अडचण एवढीच, की लिहिणाऱ्याने इटालियन स्वर मनात धरून लिहावे आणि वाचणाऱ्याने इंग्रजी स्वर मनात धरून वाचावे, असा व्यवहार गेली दीडशे वर्षे बिनबोभाट चालू आहे. हंटर यांच्याआधीचे बहुतेक इंग्रज कानाला येईल तसे लिहीत. ग्रँट डफच्या 1826 सालच्या इतिहासात 'शिवाजी'च्या शेवटी महाशय जोडीने उभे आहेत आणि जोडीने असल्यामुळे बोलतही आहेत. ते लेखन ओबडधोबड खरे, पण इंग्रजाच्या तोंडून निदान 'जी' तरी नीट निघे. 'पूना' टाकून शास्त्रशुद्ध 'पुणे' लिहिले जाऊ लागल्यावर अनभिज्ञ परदेशी वाचक त्या शहराला 'प्यून' म्हणू शकतो, ही प्रगती कोणत्या खात्यात जमा करावी हे महाशयांनीच सांगावे.

महाशयांना बोलताच येत नाही, असे मानण्यासही आधार नाही. पेनेलोपी, डॅफ्नी, क्लोई, नायकी या ग्रीक नावांच्या शेवटी महाशय अगदी खुला 'ई' उच्चारतात. आयर्लंडमधून केंब्रिजला आलेल्या पॅट्रिक ब्रंटी नावाच्या तरुणाने आपल्या आडनावाचे 'ब्राँटे' असे नवे रूप ठरवले आणि पुढे महाशयांच्या डोक्यावर दोन टिंबे बसवली. त्याच्या तिन्ही लेखिका कन्यांच्या नावात महाशय तेव्हापासून विनातक्रार बोलत आहेत. फुटबॉलच्या मैदानावरील उदाहरण तर मराठी माणसाच्या जिव्हारी लागावे असे आहे. 2022–23 च्या हंगामात जर्मनीच्या बायर्न म्युनिक संघात सादिओ माने आणि लेरॉय साने हे दोघे एकत्र खेळत होते, आणि त्यांना 'मेन' किंवा 'सेन' म्हणण्याची चूक इंग्रज समालोचकही करीत नसत, कारण त्यांच्या आडनावांतील महाशयांवर एक तिरकी रेघ आहे. साताऱ्याच्या मान्यांना आणि पुण्याच्या सान्यांना जे साधले नाही, ते एका रेघेने साधले. तथापि पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत केवळ साधी रोमन अक्षरे, आकडे आणि एक भरणचिन्ह यांनाच प्रवेश असल्याने तेथे रेघ गळून पडते आणि सेनेगलचे माने व साताऱ्याचे माने एकाच पंक्तीला येतात.

या प्रकरणात एक भेद लक्षात ठेवला नाही तर महाशयांवर अन्याय होईल. नावाचा उच्चार परभाषेत दोन वाटांनी बदलतो. पहिली वाट जिभेची: प्रत्येक भाषेचे स्वनिम, म्हणजे तिच्यात अर्थभेद घडवणारे मूलध्वनी, ठरलेले असतात, आणि जो ध्वनी त्या संचात नाही त्याच्या जागी बोलणारा जवळचा ध्वनी ठेवतो. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही म्हणून तेथे काळे 'काले' होतात. जपानीत 'ल' आणि 'र' वेगळे नाहीत म्हणून तेथे लेले 'रेरे' होतात. हे बदल निर्मळ मनाने होतात आणि ते सोसले पाहिजेत. दुसरी वाट डोळ्यांची: जीभ समर्थ असते, पण वाचणारा अक्षरांवर विसंबतो. 'मोरे' म्हणणे इंग्रजाला मुळीच अशक्य नाही. त्याला ते कोणी ऐकवलेले नसते, एवढेच. आणि म्हणूनच ज्या जपान्याला 'लेले' जमत नाही तो 'मोरे' मात्र मराठी माणसाच्या जवळपास म्हणतो, कारण त्याच्या लिपीत 'रे' हे एक अखंड अक्षर आहे आणि तेथे मुके राहण्याची सोय महाशयांना नाही.

महाशयांच्या वकिलाला मात्र दोन मुद्दे बिनतोड मिळतील. एक म्हणजे मराठी भाषा स्वतःच या 'ए'ची फारशी पत्रास ठेवीत नाही. विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामाचे जे सामान्यरूप होते, त्यात मोरे यांचे 'मोऱ्यांना' आणि राणे यांचे 'राण्यांकडे' होऊन तो स्वर घरच्या घरीच नाहीसा होतो. दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे. हाती देवनागरीसारखी लिपी असूनही मराठी लेखक परकी नावे इंग्रजीच्या दुकानातूनच उचलतात. इटलीचा मिकेलांजेलो मराठीत 'मायकेल अँजेलो' झाला, आणि ज्या डॅनिश पंडिताने वर सांगितलेल्या महास्वरांतराला इंग्रजीत नाव दिले, त्या येस्पर्सनला मराठीत 'जेस्पर्सन' म्हणणारे आढळतात. 2014 साली चीनचे राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग भारतात आले असता त्यांच्या नावातील पहिली दोन रोमन अक्षरे आकडा समजून बातम्यांत त्यांना 'इलेव्हन' म्हटले गेले होते. तेव्हा डोळ्यांच्या वाटेने चुकणे ही काही साहेबाची मक्तेदारी नव्हे.

सबब विनंती अशी, की महाशयांनी मराठी आडनावाच्या शेवटी बसताना निदान ब्राँटे भगिनींना दिली तेवढी सवलत द्यावी आणि मौन सोडावे. हे पद-प्रतिष्ठेला बाधक वाटत असेल, तर इंग्रजी वाचकाने आडनाव पुकारण्यापूर्वी ते ज्याचे आहे त्याला एकदा विचारावे, असा निरोप तरी पोहोचवावा. तोपर्यंत परदेशस्थ मोऱ्यांनी फोनवर आपले आडनाव सांगताना ते स्वतःच 'मोअर' असे सांगू नये, अशी त्यांनाही या पत्राच्या प्रतीसह विनंती करण्यात येत आहे.

कळावे, लोभ असावा.