आधी सांडपाण्याचं विचारा

सिएटलचा माझा भाचा दर जुलैत अलास्कात केनाई नदीवर सॅमन धरायला जातो. यंदा तो मे महिन्यात पुण्यात येतोय आणि त्याला खडकवासल्याला गळ टाकून बसायचंय. "मामा, मुक्काम कुठे करू?" एवढाच त्याचा प्रश्न. त्यापायी मी तीन रविवार पानशेत रस्त्यावर घालवले. डोणजे, गोऱ्हे, खानापूर, मालखेड, सोनापूर, रुळे. पाण्याच्या बाजूला जिथे जिथे पाटी दिसली तिथे उतरलो आणि चौकशी केली.

तलावाचा देखावा सगळेच दाखवतात. झोपाळा दाखवतात, तंबू दाखवतात, रात्रीच्या शेकोटीची जागा दाखवतात. मी विचारत होतो, संडास-मोरीचं पाणी जातं कुठे? एका ठिकाणी उत्तर आलं, "टाकी आहे ना मागं." मी मागे गेलो. केळीच्या बेटाआड एक काळा पाइप ओढ्यात सोडलेला होता. ओढा वरच्या अंगाला ठणठणीत कोरडा. पाइपाच्या तोंडापासून मात्र ओल सुरू होत होती. राखाडी फेस, भाताची शितं, शाम्पूची फाटकी पुडी. तिथून तलावाचं पाणी ऐंशी पावलांवर. मोजली मी. काठाशी, फेस जिथे पाण्याला मिळत होता नेमक्या तिथे, बोटभर चिलाप्या तोंडं वर काढून घोटाळत होत्या. आणि पलीकडे चार पोरं त्यांनाच गळ लावून बसली होती.

मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

हा तलाव आपण पितो. इथलं पाणी बंद नळातून पर्वतीला येतं, शुद्ध होतं आणि आपल्या माठात पडतं. उरलेलं कालव्याने दौंड-इंदापूरकडे जातं. १२ जुलै १९६१ ला वरचं पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं. पुरानंतर पाण्यावाचून पुण्याचे काय हाल झाले ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. तेवढं लांब नको असेल तर जानेवारी २०२५ आठवा. नांदेड गाव, किरकटवाडी, सिंहगड रस्ता या पट्ट्यात गुलियन बॅरेचे रुग्ण निघू लागले, आकडा दोनशेच्या पुढे गेला आणि संशय आला तो दूषित पाण्यावर. तेव्हा घरोघरी पाणी उकळून प्यायलो आपण. चार महिन्यांत विसरलो आणि तलावाकाठी तंबू बुक करू लागलो.

आता उन्हाळ्याचं. मे महिन्यात 'अगदी पाण्यालगत' म्हणून जागा घ्याल तर आधी धरण कुठलं ते बघा. खडकवासल्याची साठवण जेमतेम १.९७ टीएमसी. पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२. शहराला आणि कालव्याला पाणी खडकवासल्यातून सुटतं आणि ते भरून काढायला वरच्या धरणांतून खाली सोडलं जातं. म्हणून उन्हाळ्यात खडकवासल्याचा काठ फारसा हलत नाही. वर पानशेत-वरसगावला मात्र पाणी पार खाली जातं. पावसाळ्यात काढलेला फोटो पाहून तिथे खोली घेतलीत तर खोलीपासून पाण्यापर्यंत भेगाळलेली जमीन तुडवायची आणि शेवटी गाळात रुतायचं. त्या गाळाशी खेळू नका. वरून वाळलेला दिसतो, पाय पडला की गुडघ्यापर्यंत घेतो. पोरांना तर काठाशी एकटं सोडूच नका. दर उन्हाळ्यात इथे कुणाचं ना कुणाचं लेकरू बुडतं.

खडकवासल्याचा उत्तरेचा काठ मोकळा दिसतो म्हणून तिकडे कुणी वळेल. त्यातला बराचसा एनडीएचा आहे, लष्करी हद्द आहे. तिथे जायचं नाही. मासेमारीचं म्हणाल तर धरणातल्या माशांचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. हौसेने गळ टाकणाऱ्यानेही आधी संस्थेच्या माणसाला गाठून विचारावं. त्यांनी बीज सोडलेलं असतं, त्यावर त्यांची चूल पेटते. भाचा अलास्कात परवाना काढल्याशिवाय पाण्यात दोरी सोडत नाही आणि मोजून दिलेत त्यापेक्षा एक मासा जास्त घरी नेत नाही. इथे आल्यावर त्याने वेगळं का वागावं?

तो विचारत होता, तुमच्याकडे सॅमनसारखं काय? हॉटेलात इंडियन सॅमन म्हणून वाढतात तो आपला रावस. सॅमनशी त्याचं काही नातं नाही. गळवाल्याने ज्याचा ध्यास घ्यावा असा गोड्या पाण्यातला आपला मासा महाशीर. १८३९ साली कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांवर लिहिलं, त्यात मुळा-मुठेतल्या महाशीराची शास्त्राला पहिली ओळख करून दिली. त्याच्या शास्त्रीय नावातलं 'खुद्री' आपल्याच लोकांच्या बोलीतून उचललेलं. म्हणजे जगातला दख्खनी महाशीर पुण्याच्या नदीच्या पत्त्यावर नोंदलेला आहे! आणि आज त्या नदीवर दिवसभर बसलात तर हाताला लागते चिलापी, आफ्रिकेतून आलेली, घाण पाण्यातही तगणारी.

महाशीराला वाहतं, स्वच्छ पाणी लागतं. पावसाळ्यात तो चढणीला लागतो, वर जाऊन खडकाळ तळावर अंडी घालतो. प्रशांत महासागरातला सॅमन अंडी घातली की मरतो; महाशीर मरत नाही, वर्षानुवर्षं पुन्हा चढतो. म्हणून एक मोठी मादी मारली की पुढची कैक वर्षं मारली. लोणावळ्याला वळवणच्या तळ्यावर टाटांनी सत्तरच्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवली, सी. व्ही. कुलकर्णी आणि ओगले यांनी कृत्रिम प्रजननाची रीत बसवली. महाडजवळ वाळणकोंडला आणि वाड्याला तिळशाला देवाचे मासे म्हणून गावाने त्यांना हात लावू दिला नाही. तिथे ते आजही दिसतात. खडकवासल्यात महाशीर गळाला लागलाच तर ओल्या हाताने धरा, आकडा काढा आणि सोडून द्या.

भाच्यासाठी मी जागा ठरवली. गोऱ्ह्याच्या बाजूला, पाण्यापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर, एका शेतकऱ्याच्या घरच्या दोन खोल्या. खिडकीतून तलाव दिसत नाही, गोठा दिसतो. संडासची टाकी रस्त्याच्या अंगाला आहे. मालकाने न मागता ती उपसायला आलेल्या गाडीची पावती काढून दाखवली. मोरीचं पाणी कढीपत्त्याच्या आणि पपईच्या बुडाशी जातं. सकाळी भाकरी, रात्री पिठलं. मासा मिळाला तर काकू करून देतात.

सुट्टीत तुम्हीही फोन कराल. भाडं विचाराल, देखावा विचाराल. त्याआधी सांडपाणी कुठे जातं ते विचारा, टाकी कधी उपसली ते विचारा, आणि गेल्यावर मागच्या अंगाला एक चक्कर मारा. पाइप पाण्याकडे वळलेला दिसला तर पिशव्या उचला आणि दुसरीकडे जा.