आमचे किल्लेदार

इंग्लंडात दर सप्टेंबरात काही दिवस जुन्या वास्तूंची एरवी बंद असलेली दारं लोकांसाठी फुकट उघडतात. हे पेपरात वाचून आमचे किल्लेदार नाकातल्या नाकात हसले. म्हणाले, "उघडायला आधी बंद असावं लागतं. आपला किल्ला कधी बंद होता?" खरंच आहे. वसईच्या किल्ल्यातून थेट डांबरी रस्ता गेलाय. रिक्षा, मासळीच्या टोपल्या, भाईंदरच्या रो-रो बोटीची वेळ गाठायला निघालेल्या गाड्या, सगळं त्याच वाटेनं जातं. उजव्या हाताला काय आहे आणि डाव्या हाताला काय, हे मान वळवून बघायची मात्र कुणाची तयारी नसते. त्या माना वळवणं हे किल्लेदारांनी अंगावर घेतलेलं काम. 18 एप्रिलच्या जागतिक वारसा दिनाला ते बोलायला लागतात आणि नोव्हेंबरात 19 ते 25 तारखेचा वारसा सप्ताह आला की सातही दिवस थांबत नाहीत.

किल्लेदार हे त्यांचं आडनाव नव्हे. ही पदवी त्यांना कुणी दिली नाही, पण लोक म्हणू लागल्यावर त्यांनी नाकारलीही नाही. असा एक गृहस्थ प्रत्येक जुन्या गावात असतोच: निवृत्त, मधुमेही आणि संतापी. खांद्याला शबनम, काखेत छत्री. छत्री उन्हासाठी नाही, बुरुज दाखवण्यासाठी. शबनममध्ये लॅमिनेट केलेला किल्ल्याचा नकाशा असतो. तो झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स असल्यामुळे त्यात समुद्र कुठे आणि जमीन कुठे हे फक्त त्यांनाच कळतं. वक्तृत्व विरार लोकलमध्ये घडलेलं. चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवून, कुणी ऐकत असो वा नसो, अंधेरीपर्यंत बोलत राहायचं, हा सराव पुढे फार कामी आला.

त्यांची किल्ल्यातली फेरी सकाळी सातला जमीनदरवाजापाशी सुरू होते आणि आठ वाजता जमीनदरवाजापाशीच असते. दरवाजातून सरळ आत का शिरता येत नाही, मध्ये वळण का, हे ते प्रात्यक्षिकानं शिकवतात. जमलेल्यांतला एखादा भरदार गृहस्थ हेरून म्हणतात, "तुम्ही जरा हत्ती व्हा." गृहस्थ बायकोकडे बघत ओशाळं हसतो. "लाजू नका, धावत या. डोक्यानं दार फोडायचंय." गृहस्थ पाच पावलं धावतो, वळणावर अडखळतो, चप्पल निसटते. किल्लेदार छत्री उंचावून ओरडतात, "बघितलंत? हत्तीला वेगच घेता आला नाही!" टाळ्या पडतात. तटबंदीच्या बांधणीवर याहून सोपं व्याख्यान मी ऐकलेलं नाही.

इतिहास सांगताना ते तटस्थ नसतात, पण एका बाजूलाही टिकत नाहीत. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहानं तहात वसई देऊन टाकली, तिथे ते पोर्तुगीजांच्या बाजूनं चर्चं बांधायला घेतात. सेंट जोसेफच्या कमानीवरच्या लेखातला 1601 हा आकडा छत्रीच्या टोकानं गिरवताना जीर्णोद्धाराची पावती स्वतः फाडल्यासारखा चेहरा होतो. नागासाकीला 1597 साली क्रुसावर चढवलेले गोन्सालो गार्सिया वसईचे, भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत, हे सांगताना छाती फुगते. आणि 1739 उजाडलं की हाच माणूस चिमाजी अप्पांच्या छावणीत! सेबास्टियन बुरुजाखाली सुरुंग पेरतो आणि मे महिन्यात किल्ला घेऊनच घाम पुसतो. पुढे 1780 साली इंग्रजांचा जनरल गोडार्ड येतो तेव्हा आवाज पडतो. 1802 च्या वसईच्या तहापाशी तर ते दुसऱ्या बाजीरावाला असं काही बोलतात की बायका मुलांना घेऊन पुढच्या चर्चकडे सरकतात.

त्यांचे शत्रू तीन. पहिला, भुयार विचारणारा. "काका, इथून अर्नाळ्यापर्यंत भुयार आहे म्हणतात?" यावर ते फक्त डोळे मिटतात. दुसरा, कोल्डप्ले बँडच्या गाण्याचं शूटिंग नक्की कुठे झालं ते विचारणारा. तिसरं शत्रुपक्षाचं जोडपं, प्री-वेडिंगवालं. एकदा फ्रान्सिस्कन चर्चच्या भिंतींमध्ये गुलाबी धूर सोडून फोटो चालले होते. किल्लेदार धुरातून चालत गेले. आता हे भांडणार, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी वधूच्या पाच हात लांब झग्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाळा, जमिनीकडे बघून चाल. इथे थडग्यांचे दगड आहेत, माणसं निजलीत." मुलगी दचकून बाजूला झाली, मग वाकून अक्षरं बघायला लागली. फोटोग्राफर घड्याळ दाखवत राहिला आणि इकडे किल्लेदारांनी पोर्तुगीज खानदानांची कुळकथा सुरू केली. जोडपं शेवटपर्यंत फेरीत होतं. झगा दोघांनी मिळून उचलला होता.

त्यांचं खरं दुखणं म्हणजे वसईबाहेर गेलेल्या वस्तू. चर्चच्या घंटा विजयानंतर मराठ्यांनी नेल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. मेणवलीला ते सहलीबरोबर गेले होते. बाकीचे नाना फडणवीसांचा वाडा बघत असताना हे घंटेखाली उभे राहून भेटेल त्याला सांगत होते, "आमची आहे ही." सोपाऱ्याचंही तेच. नालासोपाऱ्यातल्या ज्या टेकाडाला लोक बुरुड राजाचा कोट म्हणत, तो 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी खणला आणि आतून बौद्ध स्तूप निघाला, दगडी पेटी निघाली, पेटीत मैत्रेय आणि बुद्धांच्या मूर्ती निघाल्या. त्या गेल्या मुंबईला, एशियाटिक सोसायटीत. सोपाऱ्याच्या अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही मुंबईच्या संग्रहालयात. "आणि आपल्याला काय ठेवलं? गवत!" असं म्हणून ते स्तूपाच्या कडेचं गवत स्वतःच उपटायला लागतात. मग संकोचानं का होईना, चारदोन जण वाकतात.

जाणकारांचं त्यांच्याविषयी मत बरं नाही. ते तारखांत दंतकथा मिसळतात, म्हणे. मिसळतात. चिमाजी अप्पांनी आपलं मस्तक तोफेतून किल्ल्यात टाकायला सांगितलं, ही गोष्ट ते स्वतः छावणीत हजर असल्यासारखी सांगतात. पण जाणकार घरी बसून बरोबर असतात आणि हे एप्रिलच्या उन्हात उभे राहून थोडे चुकतात. मी उन्हातल्याच्या बाजूनं आहे.

तेव्हा 18 एप्रिलला सकाळी सातला वसईच्या जमीनदरवाजापाशी या. टोपी घाला, पाण्याच्या दोन बाटल्या घ्या, चप्पल नको, बूट घाला. दुपारी जेवायला येतो असं घरी कबूल करू नका. आणि अंगानं भरदार असाल तर मागे उभे राहा.